स्फटिकातील प्रत्यक्ष आणि माहितीपत्रकातील अनुमान

गेल्या पावसाळ्यात अलिबागनजीकच्या माझ्या चिकित्सालयात एका औषधनिर्मात्याचे प्रतिनिधी आले. त्यांनी दिलेल्या संधिवातावरील गोळ्यांच्या माहितीपत्रकावर एका प्रथिनाचे रंगीत चित्र होते. प्रथिनाच्या खाचेत वनस्पतीतील एक रेणू बसविलेला होता आणि खाली ‘आधुनिक विज्ञानाने सिद्ध’ असे छापले होते. हे चित्र कोठून आले, असे विचारता ते निरुत्तर झाले. पुढे निर्मात्याकडेच चौकशी केली, तेव्हा ती केवळ संगणकावर केलेली जुळणी असल्याचे कळले.

स्फटिकशास्त्रज्ञाचे काम याहून फार निराळे व कष्टाचे असते. प्रथिन शुद्ध करावयाचे, त्याचे सूक्ष्म थेंब निरनिराळ्या क्षारद्रावणांत मिसळून ठेवावयाचे आणि स्फटिक धरण्याची वाट पाहावयाची. बहुतेक थेंब वाया जातात. जो स्फटिक मिळतो, तोही बहुधा मिलिमीटरच्या अंशाएवढा असतो. त्यावर क्ष-किरण सोडून उमटणाऱ्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून अणूंची स्थाने गणिताने काढतात. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघर येथील ॲक्ट्रेक या संस्थेत, कर्करोगाशी निगडित प्रथिनांवर असे संशोधन होत आले आहे.

या विद्येचे सामर्थ्य नाकारता येणार नाही. एड्सच्या विषाणूतील प्रोटिएज या विकराची रचना १९८९ मध्ये उलगडली आणि त्याच्या खाचेत बसणाऱ्या औषधांपैकी पहिले, सॅक्विनाव्हिर, १९९५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. परंतु स्फटिकातील चित्रावर ते मान्य झाले नाही. मात्रा, विषाक्तता आणि रुग्णांवरील परीक्षणे यांतून पार पडल्यावरच झाले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. टी. पी. सिंग यांच्या गटाने २००२ मध्ये घोणसाच्या विषातील फॉस्फोलिपेज ए-२ या विकरात ॲरिस्टोलोकिक आम्ल कसे बसते, हे स्फटिकातून दाखविले. हे आम्ल ज्या वनस्पतिकुलात आढळते, त्यातलीच आपली ईश्वरी, म्हणजे सापसंद. सर्पदंशावरील तिची ख्याती कोकणात सर्वश्रुत आहे. परंपरेवर विज्ञानाची मोहोर उमटली, असे म्हणण्याचा मोह येथे सहज होतो. मात्र बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन घटविण्याच्या औषधात चुकून याच कुलातील वनस्पती मिसळली गेली आणि शंभराच्या आसपास रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००२ मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या वनस्पतींची औषधे मानवास कर्करोगकारक ठरविली. एकाच रेणूविषयीची ही दोन्ही विधाने सत्य आहेत. स्फटिक त्यांपैकी एकच सांगतो.

चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चार प्रमाणे सांगितली. स्फटिकातील रचना हे प्रत्यक्ष आहे, पण ते केवळ बंधनाचे. संगणकावरील जुळणी हे अनुमान आहे. रोगी, देश, काल, मात्रा यांचा मेळ घालणारी युक्ती या दोहोंत नाही. ती वैद्याला रुग्णापाशीच साधावी लागते. अनुमानाला प्रत्यक्षाचे आणि प्रत्यक्षाला उपशयाचे नाव देणे ही विज्ञानाची सेवा नव्हे, आणि आयुर्वेदाची तर नव्हेच.

म्हणून औषधनिर्मात्या बंधूंना विनंती की, प्रथिनाचे चित्र छापावयाचे असेल तर ते स्फटिकातून मिळाले की संगणकावर रचले, हे त्याखालीच स्पष्ट लिहावे, आणि ‘सिद्ध’ हा शब्द रुग्णांवरील परीक्षणासाठीच राखून ठेवावा. चित्राच्या छपाईपूर्वी कच्च्या द्रव्याची ओळख तपासण्यावर खर्च करावा; बेल्जियममधील अनर्थ द्रव्याच्या अदलाबदलीतूनच घडला.

वैद्यबांधवांनीही आपल्या बाजूने एक पथ्य पाळावे. भातलावणीच्या दिवसांत घोणस चावलेला शेतकरी दारी आला, तर मुळी उगाळण्यात एक क्षणही न दवडता त्यास प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तत्काळ पाठवावे. स्फटिकातील चित्र कितीही सुंदर असले, तरी त्या रुग्णाच्या रक्तातील विष त्याने उतरत नाही.