आधी प्रश्न, मग परदेशी पदवी

ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील मध्यमवर्गीय घरांत अलीकडे एक नवा विषय चर्चिला जाऊ लागला आहे. दंतवैद्यक, आयुर्वेद अथवा औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन पाच-सात वर्षे काम केलेली मुलगी तिशीच्या उंबरठ्यावर सांगते, ‘दवाखाना पुरे झाला, आता आंतरराष्ट्रीय आरोग्याच्या क्षेत्रात काम करायचे आहे.’ २०२० व २०२१ ही करोनाची वर्षे ज्यांनी जवळून पाहिली, त्यांच्या मनात असा विचार यावा हे स्वाभाविकच आहे. मग घरात चर्चा सुरू होते : कोणता देश, कोणते विद्यापीठ, किती कर्ज? राहते घर तारण ठेवण्यापर्यंत गोष्ट येते. मात्र जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, तो बहुधा राहूनच जातो. हे शिकायचे कशासाठी?

याच परिसरातील एका मुलीकडे या प्रश्नाचे उत्तर तयार होते. कल्याणच्या जोशी कुटुंबातील यमुना, म्हणजेच विवाहानंतरच्या आनंदीबाई, चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातून त्यांचे ध्येय निश्चित झाले. १८८३ साली त्या कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या. आपण हिंदू म्हणूनच जाणार व हिंदू म्हणूनच परतणार, हे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत निःसंदिग्धपणे सांगितले होते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. विद्यापीठ परदेशी, पण प्रश्न स्वदेशी! क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचा अंत झाला. मिळवलेली विद्या वापरण्यास त्यांना आयुष्य पुरले नाही. परंतु विद्या कशी निवडावी, याचा धडा मात्र त्या देऊन गेल्या.

पुढे महाराष्ट्रात तो गिरवलाही गेला. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली जामखेडला काम उभे केले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग त्याच विद्यापीठातून शिकून परतले व १९८६ पासून गडचिरोलीत रमले. खेड्यातील स्त्रिया प्रशिक्षण घेऊन घरोघरी नवजात बालकांचे प्राण वाचवू शकतात, हे त्यांचे संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ साली केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालकांच्या काळजीचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारला. ज्या कामाची दखल जगाने घेतली, ते काम जिनिव्हात नव्हे, गडचिरोलीत घडले होते.

म्हणून परदेशी जाऊच नये, असे म्हणणे कूपमंडूकपणाचे ठरेल. पण डोळे उघडे ठेवून जावे. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीने परदेशात रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही, हे अनेक पालकांना ठाऊकच नसते. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये अशा अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला पती, पत्नी वा मुलांना सोबत नेता येत नाही. तिशीतल्या संसारी माणसासाठी ही बाब लहान नाही. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी आपली परदेशी मदतसंस्था ‘यूएसएड’ गुंडाळली. तिच्या निधीवर जगभर चालणारे आरोग्यप्रकल्प व त्यांतील नोकऱ्या हा हा म्हणता संपल्या. परक्या तिजोरीच्या भरवशावर आयुष्याची दिशा ठरवू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

या क्षेत्राचा पाया आहे साथरोगशास्त्र व संख्याशास्त्र. तो पाया देशातही घालता येतो. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तेथेच १९५६ पासून लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेतील अच्युत मेनन केंद्र आहे. लंडनच्या नामांकित संस्थेचे काही अभ्यासक्रम घरी राहून, नोकरी सांभाळून पूर्ण करण्याचीही सोय आहे.

आणि अर्ज भरण्यापूर्वी एक प्रवास अवश्य करावा. डोंबिवलीहून कसारा लोकलने आसनगाव गाठावे आणि शहापूर तालुक्यात शिरावे. भातसा व तानसा येथील पाण्यावर मुंबई जगते. त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. दूषित पाणी, कुपोषण, सर्पदंश, अवघड बाळंतपण हे जगाच्या आरोग्याचे प्रश्न तेथे नावागावासह भेटतात. स्थानिक आरोग्य केंद्राच्या किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेच्या सोबतीने तेथे सहा महिने काम केले, तर दोन गोष्टींपैकी एक नक्की होईल. एकतर हे काम आपले नव्हे, हे कर्ज काढण्यापूर्वीच उमगेल. अथवा मनात असा एक प्रश्न रुजेल, ज्याच्या उत्तरासाठी कोठे जावे हे वेगळे विचारावे लागणार नाही.

आनंदीबाईंना शिक्षणकर्ज नव्हते, मार्गदर्शन केंद्रे नव्हती, मागे उभा राहणारा समाजही नव्हता. आज हे सारे आहे. उणीव असलीच, तर ती त्या प्रश्नाची आहे. घरोघरच्या पालकांनी मुलांना ‘कोठे जाणार?’ असे विचारण्याआधी ‘कोणासाठी शिकणार?’ एवढे विचारले, तरी पुढची वाट पुष्कळशी स्पष्ट होईल.