हरत्या संघाचे हक्कदार

वर्षानुवर्षे हरणाऱ्या फुटबॉल संघाची बाजू न सोडणारा प्रेक्षक सहसा दोनच प्रकारांनी रंगवला जातो. एक तर तो भाबडा, स्वतःचे भले न कळणारा म्हणून कीव करण्याजोगा ठरतो, नाही तर त्याला त्यागमूर्ती बनवून त्याच्यावर फुले उधळली जातात. प्रस्तुत लेखाला या दोन्ही चित्रांशी कर्तव्य नाही. अशा प्रेक्षकाची निष्ठा ही भावनेची बाब असण्याआधी हक्काची बाब आहे, असा येथील पक्ष आहे. आणि तो मांडण्यापूर्वी, जुन्या शास्त्रार्थाच्या रीतीप्रमाणे, पूर्वपक्ष म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे त्याच्या पुऱ्या बळानिशी पुढे ठेवणे भाग आहे, कारण दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात पुरुषार्थ नसतो.

उदाहरणासाठी हैदराबाद निवडले आहे, आणि त्याला कारण आहे. बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील संतपूर किंवा कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद यांसारखी मराठी बोलणारी गावे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, बिदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. खुद्द बिदर जिल्ह्यातूनही उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके काढून मुंबई राज्याला देण्यात आले. नेमक्या याच काळात हैदराबादचा फुटबॉल भारतात अव्वल होता. मुंबईत भरणारी रोव्हर्स करंडक स्पर्धा हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनीच पुढे भारतीय संघाला १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथ्या स्थानापर्यंत आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकापर्यंत नेले. १९६३ मध्ये रहीम वारले आणि हैदराबादच्या फुटबॉलला ओहोटी लागली. संतोष करंडक, म्हणजे राज्याराज्यांच्या संघांमधील राष्ट्रीय अजिंक्यपद, आंध्र प्रदेशाच्या नावाने १९६५-६६ मध्ये एकदा आला, तो शेवटचा.

आता पूर्वपक्ष. त्याचा पहिला आक्षेप असा की पैसे मोजून खेळ पाहणारा प्रेक्षक हा ग्राहक आहे, आणि सतत निकृष्ट माल देणाऱ्या दुकानाची पायरी चढत राहणारा ग्राहक शहाणा म्हणवत नाही. याला जोडून अर्थशास्त्रातील बुडीत खर्चाच्या भ्रमाचा दाखला दिला जातो. जो पैसा आणि जो काळ परत येणे नाही, त्याच्या हळहळीपोटी माणूस पुढचाही पैसा आणि काळ त्याच खड्ड्यात घालतो, असा तो भ्रम. दहा वर्षे हरणाऱ्या संघाला अकरावे वर्ष देणारा प्रेक्षक याचाच बळी होय. दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. निष्ठेमुळे मालक शेफारतात; प्रेक्षक कुठेच जाणार नाही हे ठाऊक असलेला मालक खेळाडूंवर खर्च करील कशाला? तिसरा आक्षेप असा की गावाचा, पेठेचा किंवा प्रांताचा संघ म्हणून चिकटून राहणे हा निव्वळ जन्माचा योगायोग आहे, आणि योगायोगाला निष्ठेचे नाव देणे म्हणजे संकुचितपणाला भरजरी शेला पांघरणे होय.

पहिल्या आक्षेपाची तपासणी सीमाभागाच्या इतिहासावरच करता येते. संतोष करंडकाच्या नियमाने संतपूरचा माणूस १९५६ नंतर म्हैसूरचा ठरला, आणि म्हैसूरने १९६७-६८ व १९६८-६९ अशी लागोपाठ दोन वर्षे तो करंडक जिंकला. ग्राहकाच्या न्यायाने पाहिले तर नकाशा बदलल्याने या प्रेक्षकाचा फायदाच झाला. त्या दशकात हैदराबादच्या हाती एकच करंडक लागला असताना त्याला दोन मिळाले. परंतु असा हिशेब मांडून पाहिला की त्याचा विचित्रपणा लगेच डोळ्यांत भरतो. ज्या विजयाची वाट पाहिलेली नाही, ज्याच्या आधीचा एकही पराभव सोसलेला नाही, तो विजय प्रशासकीय आदेशाने हाती आला म्हणून आपला होत नाही. माल विकत घेता येतो, कारण त्याला भूतकाळ लागत नाही. संघाचा विजय मात्र मागच्या वर्षांवाचून अर्थहीन असतो. बुडीत खर्चाचा दाखला येथे लागू पडत नाही तो याच कारणाने. खर्च बुडाला असे म्हणण्यासाठी तो कशाच्या तरी मोबदल्यात केलेला असावा लागतो, आणि निष्ठावान प्रेक्षकाने आपली वर्षे करंडकाच्या मोबदल्यात दिलेली नसतात. करंडक आला तर त्याला हवाच असतो, हे निराळे.

उलट जिंकणाऱ्याच्या मागे जाणारा प्रेक्षक नेमके काय मिळवतो, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की विद्यापीठाचा फुटबॉल संघ (तो अमेरिकी पद्धतीचा, हातांनी खेळायचा फुटबॉल) जिंकला की त्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढते, आणि विजयाबद्दल बोलताना ‘आपण’ म्हणणारी तीच मंडळी पराभवाबद्दल बोलताना ‘ते’ म्हणू लागतात. परप्रकाशात उजळून निघण्याची ही वृत्ती मनुष्यस्वभावाला धरून आहे, तिच्यावर रागावण्याचे कारण नाही. पण उगवत्या सूर्याला नमस्कार घालण्याच्या या रीतीलाच विवेक म्हणावे आणि मावळतीला पाठ न दाखवणाऱ्याला अविवेकी ठरवावे, एवढा अधिकार तिला कोणी दिलेला नाही.

दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि बहुतेक निष्ठावादी लेखकांचे घोडे इथेच पेंड खाते. ते निष्ठेचे गोडवे गातात आणि मालकाच्या नफेखोरीविषयी मूग गिळून बसतात. ॲल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये या प्रश्नाची जी मांडणी केली ती येथे उपयोगी पडते. एखादी संस्था खालावू लागली की तिच्या माणसांपुढे दोन मार्ग असतात: निर्गमन, म्हणजे गपचूप सोडून जाणे, आणि आवाज, म्हणजे आत राहून तक्रार करणे. निष्ठेचे काम निर्गमन लांबवून आवाजाला अवधी देणे हे असते, असे हर्शमन यांचे प्रतिपादन आहे. तेव्हा मालकाला शेफारवते ती निष्ठा नव्हे, मुकी निष्ठा. केरळ ब्लास्टर्स हा संघ इंडियन सुपर लीगच्या तीन अंतिम सामन्यांत, २०१४, २०१६ आणि २०२२ मध्ये, हरलेला आहे. तरीही त्याच्या ‘मंजप्पडा’ या समर्थक संघटनेइतकी गर्दी देशात फार थोड्यांच्या मागे असते, आणि त्याच संघटनेने २०२४-२५ च्या हंगामात व्यवस्थापनाविरुद्ध उघड निषेध केला. तक्रार करायला आधी थांबावे लागते. जो पहिल्याच पराभवानंतर उठून गेला, त्याची तक्रार कोणी कशाला ऐकावी?

२०२२ चा तो अंतिम सामना जरा जवळून पाहण्याजोगा आहे. २० मार्चला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळच्या पिवळ्या सदऱ्यांनी गॅलऱ्या भरून गेल्या होत्या, आणि समोर होता २०१९ मध्ये स्थापन झालेला हैदराबाद एफसी. केरळने आधी गोल केला. ८८ व्या मिनिटाला साहिल ताव्होरा या गोमंतकीय खेळाडूने दुरून हाणलेल्या फटक्यावर हैदराबादने बरोबरी साधली, आणि पेनल्टीच्या फेरीत हैदराबादचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, तोही गोव्याचाच, याने तीन फटके अडवून संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. विजेत्या चमूत कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. महासाथीच्या निर्बंधांमुळे तो सगळा हंगाम गोव्यात झाला होता, आणि अंतिम सामन्यापर्यंत गॅलऱ्या जवळजवळ रिकाम्याच ठेवलेल्या होत्या. म्हणजे हैदराबादच्या गच्चीबोवली मैदानावर येऊन बसणाऱ्या प्रेक्षकाने आपला संघ अजिंक्य होत असताना त्याचा एकही सामना घरच्या मैदानावर पाहिला नाही. त्याने पाहिला तो पुढचा इतिहास. २०२२-२३ मध्ये संघ गुणतक्त्यात दुसरा आला. २०२३-२४ मध्ये खेळाडूंचे पगार थकले, परदेशी आणि अनुभवी खेळाडू निघून गेले, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली, आणि प्रशिक्षक थांगबोई सिंग्तो यांनी कोवळ्या पोरांना घेऊन हंगाम रेटला. २२ सामन्यांत एक विजय, एकूण ८ गुण आणि शेवटचे स्थान. गच्चीबोवलीला त्या काळात गर्दी होती असे कोणी म्हणणार नाही. पण जे मोजके लोक येत राहिले त्यांच्यापुरता हैदराबाद एफसी म्हणजे हा हंगामच होता, कारण अजिंक्यपद दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सगळ्यांना सारखेच दिसले होते.

येथून मंडनाला, म्हणजे स्वपक्षाच्या स्थापनेला, सुरुवात होते. संघ म्हणजे काय, याचे उत्तर शोधू गेले असता खेळाडू, प्रशिक्षक, मालक, प्रायोजक हे सगळे बदलणारे घटक निघतात. आज जो या संघात आहे तो उद्या विरुद्ध संघात असतो, आणि त्यात गैर काही नाही, तो त्याचा व्यवसाय आहे. न बदलणारा घटक एकच: गाव आणि त्या गावाच्या नावाने येऊन बसणारा माणूस. दहा वर्षांपूर्वीचा संघ आणि आजचा संघ एकच आहे, असे म्हणण्याला या माणसाच्या स्मरणाखेरीज दुसरा आधार नसतो. म्हणून पराभवाच्या वर्षांत थांबणारा प्रेक्षक संघावर उपकार करत नाही; वहिवाटीने जसा जमिनीवर हक्क प्रस्थापित होतो तसा तो आपला हक्क प्रस्थापित करत असतो. तिसऱ्या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे. गावात जन्म होणे हा योगायोग खरा, पण थांबणे हा दरवर्षी नव्याने घेतलेला निर्णय असतो. शिवाय संतपूरसारख्या गावाला तीन भाषा आणि तीन राज्ये हाकेच्या अंतरावर आहेत. तेथल्या माणसाने हैदराबादचा संघ आपला म्हटला तर त्यात संकुचितपणा तो कोणता?

कोल्हापूरचा फुटबॉल या हक्काच्या बाबतीत नशीबवान. तेथे संघ तालमींचे आणि पेठांमधल्या मंडळांचे आहेत. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा, आणि पुढे त्याभोवती जमलेली गल्लीची संघटना. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ अशी त्यांची नावे. शाहू स्टेडियमवर त्यांच्यातील चुरस कधीकधी हाणामारीवर जाते, आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण यांतला एखादा संघ पाच वर्षे हरला म्हणून कोणी त्याला उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही. तो विकायला मुळात कोणाच्या मालकीचाच नाही.

फ्रँचायझी पद्धतीत, म्हणजे शहराच्या नावाने संघ चालवण्याचा परवाना एखाद्या कंपनीला विकण्याच्या पद्धतीत, उलटे घडते. २०१९ मध्ये बालेवाडीला खेळणारा एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणींमुळे बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. २०२५ मध्ये हैदराबादचा संघ दिल्लीला हलवून त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली ठेवण्यात आले. निष्ठावान प्रेक्षक संघाला कधी सोडतो, हा प्रश्न पूर्वपक्षाने इतका उगाळला की संघच प्रेक्षकाला सोडून जातो, याकडे त्याचे लक्षच गेले नाही. पुण्याच्या प्रेक्षकाने हैदराबादचे व्हावे, की हैदराबादच्याने दिल्लीचे? ग्राहकवादाजवळ याला उत्तर एवढेच की दुकान हलले, तुम्ही दुसरे पाहा.

लंडनच्या विम्बल्डन एफसीच्या समर्थकांनी दुसरे दुकान पाहिले नाही. २००२ मध्ये त्यांचा क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात हलवण्यास परवानगी मिळताच त्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला, तळाच्या पायऱ्यांपासून सुरुवात केली, २०११ मध्ये राष्ट्रीय लीगच्या चौथ्या श्रेणीत प्रवेश मिळवला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाउ लेनवर, जुन्या मैदानापासून जवळच, नवे मैदान उभारले. जर्मनीत क्लबच्या निर्णयांत सभासदांच्या हाती अर्ध्याहून अधिक मते असावीत असा नियम १९९८ पासून आहे. इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र फुटबॉल नियामक नेमला गेला. घरचे मैदान विकायचे किंवा क्लब हलवायचा तर त्याची मंजुरी लागते, आणि क्लबचे बोधचिन्ह व घरच्या पोशाखाचे रंग बदलण्याआधी समर्थकांचा पाठिंबा पाहावा लागतो. या तरतुदी जिंकणाऱ्या क्लबांच्या चाहत्यांसाठी केलेल्या नाहीत. त्यांचे क्लब हलवण्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. भारतातील लीगच्या नियमांत समर्थकाला अशी जागा द्यायची तर आधी त्याला ग्राहक म्हणणे सोडावे लागेल, आणि पुणे, हैदराबाद व दिल्ली या तीन शहरांतल्या, आपापला संघ गमावलेल्या प्रेक्षकांनी मिळून ही मागणी लावून धरली तर तिला नाही म्हणताना देशाच्या फुटबॉल महासंघाला निदान कारण तरी द्यावे लागेल.