गुणपत्रक कोणी भरावयाचे?

एका वाचकभगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचा धाकटा दीर गर्दाच्या आहारी गेला होता; उपचार घेऊन तो नुकताच घरी परतला आहे. त्या विचारतात, "भाऊजी खरोखर सुधारले, हे आम्ही घरच्यांनी कशावरून ओळखावे?" प्रश्न साधा दिसतो, परंतु ज्या घरावर हा प्रसंग येतो त्या घरास तो किती जड असतो, हे आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून ह्या महिन्याचे हे पान त्यांच्याच प्रश्नास वाहिले आहे.

प्रथम ह्या द्रव्याचे कुलगोत्र पाहू. अफूस आपल्या वैद्यकग्रंथांत 'अहिफेन', म्हणजे सापाचा फेस, असे नाव आहे. चरकसुश्रुतांत ती नाही. शार्ङ्गधरसंहितेत व भावप्रकाशात ती येते. ग्रीकांचे 'ओपिऑन', त्याचे अरबांनी केलेले 'अफयून', आणि त्यास आपल्या पंडितांनी चढविलेला हा संस्कृत वेष. वेदना व अतिसार ह्यांवर ती गुणकारी. म्हणूनच ती घराघरांत शिरली. मूल रडू नये म्हणून अफूची बाळगोळी देण्याची चाल आपल्या आजी-पणजींच्या काळी होतीच. पुढे अफूपासून मॉर्फिन निघाले, आणि त्यापासून बनविलेले हेरॉइन १८९८ मध्ये एका जर्मन कंपनीने चक्क खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले! त्याचेच भेसळयुक्त तपकिरी रूप म्हणजे गर्द. १९८० नंतरच्या दशकात ते मुंबई-पुण्यात पसरले. आज हीच ओढ वेदनाशामक गोळ्यांच्या रूपानेही येते. ट्रामाडॉल हे औषध २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले, ते उगाच नव्हे.

'व्यसन' ह्या संस्कृत शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक वाईट सवय आणि दुसरा संकट. मराठीने पहिला तेवढा ठेवला व दुसरा टाकला. त्यामुळे व्यसनी म्हणताच आपणांस अपराधी दिसतो. संकटात सापडलेला मनुष्य दिसत नाही.

आता आमची स्वतःची कथा सांगणे प्राप्त आहे. १९८४ मध्ये आमचा धाकटा चुलतभाऊ शिरड शहापूरहून पुण्यास शिकावयास गेला व तेथे गर्दाच्या फासात सापडला. १९८७ मध्ये उपचार घेऊन तो घरी आला, तेव्हा महालक्ष्म्यांचा सण तोंडावर होता. घरातील चांदीची भांडी बाहेर काढली होती. तो माजघरातून जाऊन आला आणि आम्ही, नुकतेच शिक्षकी पेशात पडलेले, स्वतःस फार दक्ष समजणारे, निरांजने व वाट्या हळूच मोजू लागलो. तो दारात उभा राहून पाहत होता. म्हणाला, "दादा, पुन्हा एकदा मोजून घे. मी बाहेर थांबतो." भांडी पुरी भरली. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो पुन्हा गर्दाकडे वळला. त्याचे कारण केवळ आमचे ते मोजणे होते असे नव्हे. तथापि आम्ही त्या दिवशी काय मोजावयास हवे होते आणि काय मोजले, हा विचार आजही आमची पाठ सोडीत नाही.

घरच्यांचे मोजमाप बहुधा एकाच प्रश्नाचे असते : "घेतो की सोडले?" उत्तीर्ण की अनुत्तीर्ण! परंतु हा रोग असा नव्हे. शरीर ह्या द्रव्याशी इतके जुळवून घेते की ते न मिळाल्यास नाकडोळे वाहतात, हाडे ठणकतात, पोट बिघडते, झोप उडते. गर्दाच्या बाबतीत हा भर दोन-तीन दिवसांत शिगेस पोचतो व साधारण आठवडाभरात ओसरतो; ओढ मात्र पुढे कित्येक महिने मनात दबा धरून असते. पाय घसरणे हे ह्या आजाराच्या लक्षणांतच जमा आहे. शिवाय येथे एक मोठा धोका आहे, तो प्रत्येक घराने जाणून असावा. काही दिवस द्रव्य बंद राहिले की शरीराची सहनशक्ती उतरते. अशा वेळी पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास बंद पडून प्राण जाऊ शकतो. म्हणून घसरलेल्यास घराबाहेर काढणे हे शासन नव्हे, तो त्यास मृत्यूच्या दारात लोटण्याचा प्रकार होय.

मग मोजावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्ये ह्याच विचाराने एक काम आरंभिले. रोग किती उतरला हे वैद्य मोजतोच. परंतु त्या मनुष्याचे जगणे कसे चालले आहे, हे त्याच्याच तोंडून कसे मोजावे? जगातील पंधरा केंद्रांनी मिळून प्रश्नावली सिद्ध केली. त्यांत दिल्ली व मद्रास ही आपली दोन होती. तिचे संक्षिप्त रूप २६ प्रश्नांचे आहे. गेल्या दोन आठवड्यांतील आपल्या स्थितीविषयी प्रत्येक प्रश्नास एक ते पाच असे गुण त्या मनुष्याने स्वतःच द्यावयाचे. पहिले दोन प्रश्न एकंदर जगण्याविषयी व प्रकृतीविषयी. उरलेले २४ चार दालनांत वाटलेले : शरीराचे ७, मनाचे ६, नात्यांचे ३ व भोवतालच्या परिस्थितीचे ८. झोप लागते काय? कामास अंगात शक्ती आहे काय? जगण्यास अर्थ वाटतो काय? आप्तमित्रांचा आधार आहे काय? राहत्या जागी सुरक्षित वाटते काय? गाठीस पुरेसा पैसा आहे काय?

अफूवर्गीय द्रव्यांच्या रुग्णांवर ही मापे लावून पाहण्यात आली आहेत. उपचाराच्या आरंभी गुण फार कमी येतात, पहिल्या काही महिन्यांत ते चढतात. परंतु नात्यांचे दालन अनेकदा मागे रेंगाळते. शरीर वैद्याकडून सुधारते. नाते कोणत्या औषधाने सुधारावे?

ह्या मापातही एक गोम आहे. 'रोजचे जगणे चालविण्यास औषधोपचाराची गरज किती?' असा एक प्रश्न त्यात आहे, व गरज जास्त तितके गुण कमी. आता ब्युप्रेनॉर्फिनची गोळी नेमाने घेणारा, कामावर जाणारा, मुलांस शाळेत पोचविणारा मनुष्य येथे गुण गमावतो. घरचेही म्हणतात, "एक सोडले नि दुसरे धरले!" परंतु मेथॅडोन व ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली आहेत. मधुमेह्याच्या इन्शुलिनास आपण व्यसन म्हणतो काय? अशाच उणिवा ध्यानी घेऊन लंडनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये २१ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती रचताना ज्यांनी व्यसन स्वतः भोगले त्यांचाच सल्ला घेतला होता.

आपल्या महाराष्ट्रात हे तत्त्व फार आधी आचरणात आले. डॉ. अनिल अवचट ह्यांनी गर्दाविषयी लिहिलेले लेख वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली, आणि डॉ. अनिता अवचट ह्यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. तेथे केवळ द्रव्य सोडविणे एवढाच हेतू ठेवला नाही. व्यायाम, काम, गाणे, गप्पा ह्यांतून दिवस पुन्हा भरावयास शिकविले. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट काढला, कारण आजारी पडतो एक आणि होरपळते सारे घर, हे त्यांनी ओळखले होते.

आमच्या घरात हे शहाणपण पुस्तकाशिवाय आले, ते काकूस. दुसऱ्या उपचारानंतर भाऊ घरी आला त्या दिवशी तिने कोठीची किल्ली त्याच्या हाती दिली व दूध-किराण्याचा हिशेब त्याच्याकडे सोपविला. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ती त्यास विचारी, "रात्री झोप लागली का रे? जेवण गोड लागलं का? आज कोणाशी बोललास?" 'घेतलेस का?' हा प्रश्न तिने कधी विचारला नाही. पुष्कळ वर्षांनी वर सांगितलेली प्रश्नावली आमच्या वाचनात आली, तेव्हा त्या २६ प्रश्नांत काकूचे प्रश्न ओळखीच्या माणसासारखे भेटले. त्यानंतरही भाऊ दोनदा घसरला, हे लपवीत नाही. दोन्ही वेळा त्याने स्वतः येऊन सांगितले. सांगावयास जागा होती म्हणून. आज तो साठीत आहे, आणि महालक्ष्म्यांची चांदी दरवर्षी तोच घासतो.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूवर्गीय द्रव्ये घेतात असा अंदाज निघाला. ज्या थोड्या राज्यांत ह्या आजाराचे निम्म्याहून अधिक रुग्ण आहेत, त्यांत महाराष्ट्राचेही नाव आहे. तेव्हा हे दुसऱ्याच्या घरचे दुखणे आहे असे कोणीही समजू नये. मदतीसाठी १४४४६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. तो टिपून ठेवावा.

वाचकभगिनीस आमचे उत्तर एवढेच : दिरांची परीक्षा घेऊ नका, चौकशी करा. उपचार व औषध वैद्याच्या सल्ल्याने नेमाने चालू ठेवा. पैशांची अथवा दागिन्यांची काळजी वाटत असेल, तर त्यांच्याशी उघड बोलून व्यवस्था ठरवा. पाठीमागे मोजू नका. शरीराचे व मनाचे गुण त्यांचे त्यांनाच मिळवावयाचे आहेत. पण नात्यांचे तीन प्रश्न आणि घराच्या सुरक्षिततेचा प्रश्न ह्यांवर त्यांस काय गुण देता येतील, ते पुष्कळसे आपल्या घराच्याच हाती आहे. आम्ही छत्तीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. एका भावाची मात्र चुकीच्या प्रश्नावर तपासली. आपल्या घरी तसे न होवो.