चष्मा सुटतो, डोळे मात्र कोरडे पडतात

म्हैसूरमधील इन्फोसिसच्या ३३७ एकरांच्या प्रशिक्षण संकुलात देशाच्या कानाकोपऱ्यांतून नवे पदवीधर येतात. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थीही त्यांत असतात. वातानुकूलित दालने, दिवसभर समोर संगणकाचा पडदा आणि वय जेमतेम बावीस. चष्म्याचा क्रमांक स्थिर झालेला असतो, पहिला पगार हाती पडलेला असतो. निकटदृष्टिता असलेले अनेक तरुण याच सुमारास लेसर शस्त्रक्रियेचा विचार करू लागतात. या शस्त्रक्रियेनंतर जाणवणारा डोळ्यांचा कोरडेपणा हा प्रश्न म्हणूनच म्हैसूर, बंगळूर, पुणे यांसारख्या शहरांना अधिक लागू पडतो.

लेसिक शस्त्रक्रियेत पारपटलाचा, म्हणजेच कॉर्नियाचा, एक पातळ पापुद्रा उचलून आतील भागाला एक्सायमर लेसरने नवा आकार दिला जातो. हे तंत्र ज्या शोधावर उभे आहे, त्यात मद्रास विद्यापीठाचे पदवीधर रंगस्वामी श्रीनिवासन यांचा मोठा वाटा आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत, सणाच्या मेजवानीतून उरलेल्या टर्कीच्या मांसावर त्यांनी हा लेसर वापरून पाहिला. भोवतालच्या पेशी न जळता नेमका छेद गेला. या कार्यासाठी त्यांना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते राष्ट्रीय पदक प्रदान करण्यात आले.

छेद नेमका असला, तरी पापुद्रा कापताना पारपटलातील सूक्ष्म मज्जातंतूही कापले जातात. डोळा कोरडा पडू लागल्याची वर्दी मेंदूला देणारे तंतू हेच. ती वर्दी मंदावली की अश्रू कमी स्रवतात आणि पापण्याही कमी लवतात. त्यात संगणकाकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप आधीच घटलेली असते. बहुतेकांच्या बाबतीत हे तंतू काही महिन्यांत पुन्हा वाढतात आणि तोवर कृत्रिम अश्रूंच्या थेंबांवर भागते. काही थोड्या रुग्णांची व्यथा मात्र वेगळी असते. तपासणीत डोळा जवळजवळ निरोगी दिसतो, पण जळजळ आणि वेदना थांबत नाहीत. अशा वेदनेमागे बिघडलेले मज्जातंतू असू शकतात. ‘सगळे ठीक आहे’ हे उत्तर अशा रुग्णाला वारंवार ऐकावे लागते, आणि तक्रारीपेक्षा ते उत्तरच त्याला अधिक बोचते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २००८ मध्ये असंतुष्ट रुग्णांची जाहीर सुनावणी घेतली आणि त्यानंतर एक अभ्यास हाती घेतला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण आपल्या दृष्टीबाबत समाधानी होते. तथापि, ज्यांना आधी कोरडेपणाची कोणतीही लक्षणे नव्हती, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के जणांनी तीन महिन्यांनंतर ती जाणवत असल्याचे सांगितले. हे दोन्ही आकडे एकाच अभ्यासातले आहेत. जाहिरातींत पहिला आकडा झळकतो, दुसरा सहसा सांगितला जात नाही. याच प्रशासनाने जुलै २०२२ मध्ये रुग्णांना द्यावयाच्या माहितीचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा नेत्रशल्यचिकित्सकांच्या संघटनांनी तो एकांगी असल्याचा आक्षेप घेतला. तो आक्षेप सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही, कारण कॉन्टॅक्ट लेन्सही निर्धोक नसतात. परंतु माहिती अधिक दिल्याने कोणाचे नुकसान झाले, असे दाखवणे कठीण आहे.

भारतात यासंबंधीचे तत्त्व न्यायालयाने यापूर्वीच स्पष्ट केले आहे. जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, उपचारांचे स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके रुग्णाला समजावून सांगितल्यावरच त्याची संमती वैध ठरते, असा निर्वाळा दिला. लेसिक ही तातडीची शस्त्रक्रिया नव्हे. विचाराला भरपूर अवधी असतो. अशा वेळी छापील अर्जातील एका ओळीवर घेतलेली सही पुरेशी मानावी का, हा खरा प्रश्न आहे.

सर्वाधिक जपायला हवे ते लेन्स सोसत नाहीत म्हणून शस्त्रक्रियेकडे वळणाऱ्यांना. लेन्स न सोसण्याचे कारण अनेकदा आधीपासूनचा कोरडेपणाच असतो. शर्मर चाचणीत कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटे ठेवून अश्रूंचे प्रमाण पाहतात. दुसऱ्या चाचणीत रंगद्रव्य घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत तुटतो, ते मोजतात. दोन्ही चाचण्या साध्या आहेत. तपासणीपूर्वी मऊ लेन्स किमान दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात, अन्यथा पारपटलाची मोजमापे फसवी येतात. बंगळूरच्या नारायण नेत्रालयातील संशोधकांनी तर अश्रूंमधील दाहकारक रेणूंचा अभ्यास केला आहे. कोणत्या रुग्णाला त्रास संभवतो, हे आधीच ओळखण्याच्या दृष्टीने हे काम मोलाचे आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेल्या स्माइल पद्धतीत मोठा पापुद्रा उचलावा लागत नाही, त्यामुळे मज्जातंतू कमी कापले जातात. परंतु त्या पद्धतीतही कोरडेपणा पूर्णपणे टळतो असे नाही.

नोकरीच्या दृष्टीने आणखी एक बाब ध्यानात घ्यायला हवी. रेल्वे भरती मंडळांच्या सहायक लोको पायलट पदाच्या अधिसूचनांमध्ये लेसिक झालेल्या उमेदवारांना अपात्र ठरवण्यात आले आहे. चष्मा गेल्याने ही वाट मोकळी होईल, अशा समजुतीने शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याने ती अधिसूचना आधी वाचलेली बरी.