स्विच बंद झाला म्हणजे वीज गेली नव्हे

लाइन बंद झाल्याचा निरोप आला म्हणून ओएचईचा कोणीही जाणता कर्मचारी तारेला हात लावीत नाही. आधी परमिट हाती यावे लागते. मग डिस्चार्ज रॉडचा क्लॅम्प प्रथम अर्थिंगला आवळायचा आणि त्यानंतरच आकडा तारेवर चढवायचा. कामाच्या दोन्ही बाजूंना रॉड लागेपर्यंत थांबायचे. शेजारच्या चालू लाइनमुळे बंद तारेतही वीज उतरते, हे २५,००० व्होल्टखाली राबणाऱ्या आमच्या बांधवांना नव्याने सांगण्याची गरज नाही. ही शिस्त अपघातांतून आणि संघटनेच्या रेट्यातून आलेली आहे.

आज हा विषय काढण्याचे कारण बंगळूरच्या प्रयोगशाळा. रेल्वे आणि डाक कामगारांची शिकलेली मुले तेथे प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून, वर्ष-दोन वर्षांच्या करारावर जातात. भारतीय विज्ञान संस्थेत ज्वालांची क्षणचित्रे घेण्यासाठी 'गेट' असलेले कॅमेरे वापरतात. विजेच्या एका ठोक्याने अशा कॅमेऱ्याचे दार काही नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश, उघडते आणि मिटते. त्याच्या प्रकाशवर्धक नळीच्या पडद्यावर पाच-सहा हजार व्होल्टचा दाब असतो. तरी तेथील साठा लहान. खरा धोका शेजारच्या खोक्यात, ठिणगी किंवा लेझरसाठी ठोके देणाऱ्या कपॅसिटरांत असतो. एक मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर १०,००० व्होल्टवर भरला की त्यात ५० जूल ऊर्जा साठते. ती छातीतून गेली तर माणूस उठत नाही.

हा साठा स्विच बंद केल्याने जात नाही. तो आपोआप जिरावा म्हणून बसवलेला रोधक आतून तुटलेला असला तर बाहेरून कळत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर झाकण उघडू नये. स्क्रूड्रायव्हरने टोके जोडण्याची धिटाई तर मुळीच नको, धातू वितळून डोळ्यांत उडतो. आधी रोधक असलेल्या दांडीने साठा उतरवावा, मग थेट अर्थिंगचा आकडा लावावा आणि काम संपेपर्यंत तो काढू नये. कारण एकदा रिकामा केलेल्या कपॅसिटरच्या पोटात मुरलेला भार काही वेळाने पुन्हा टोकांवर येतो. पुष्कळ जाणती माणसेही येथेच फसतात. दाब चालू असताना केबलचा जोड उपसू नये, साध्या मीटरने मोजमाप करू नये, अंगठी-घड्याळ बाहेर ठेवावे. आणि मुख्य बटण कोठे आहे हे ठाऊक असलेला दुसरा माणूस खोलीत असल्याखेरीज हात घालू नये.

यंत्राची काळजी कशी घेतात हेही बंगळूरनेच दाखवले आहे. तेथील खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने उभी राहिलेली अतिनील दुर्बीण २८ सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहातून अवकाशात गेली. तिच्यातही प्रकाशवर्धक नळ्याच आहेत. आतल्या वायूंचा थर आरशांवर बसू नये म्हणून तिची दारे सुमारे दोन महिने बंद ठेवली गेली. फार तेजस्वी तारा समोर आला तर नळीवरचा दाब आपोआप उतरावा, अशीही सोय तिच्यात केली आहे. आम्हाला याचे कौतुकच आहे. पण झाकण उघडताच दाब उतरावा, ही तेवढीच साधी सोय जमिनीवरच्या खोक्याला करताना खर्चाची सबब का पुढे यावी?

५ डिसेंबर २०१८ रोजी भारतीय विज्ञान संस्थेच्या शॉकवेव्ह प्रयोगशाळेत स्फोट होऊन एक तरुण संशोधक ठार झाला, तिघे गंभीर जखमी झाले. तो अपघात गॅसचा होता, विजेचा नव्हता. पण हे चौघेही संस्थेच्या पगारपत्रकावरचे नव्हते, तेथे काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीचे होते, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. कंत्राटी माणूस यार्डात असो की प्रयोगशाळेत, 'आज हे काम करणार नाही' म्हणणे त्याला जड जाते. पुढच्या महिन्याची मुदतवाढ त्याच साहेबाच्या सहीवर असते.

बंगळूरच्याच पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात २१ फेब्रुवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी निकाल दिला. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली संशोधनसंस्थाही 'उद्योग' ठरू शकतात, असा त्याचा अर्थ होता. त्या कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे. पण प्रयोगशाळेतला राबणारा हात कामगाराचा आहे, हे आम्ही सोडणार नाही.

आमची मागणी मोठी नाही. जेथे उच्च दाबाचा कपॅसिटर आहे तेथे लेखी परमिट असावे, त्यावर जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी, रात्री एकट्याने झाकण उघडण्यास बंदी असावी, आणि नकार देणाऱ्या करारावरील कर्मचाऱ्याची मुदत त्या कारणाने तोडली जाऊ नये. बंगळूरमध्ये काम करणाऱ्या मुलांना वाचकांनी या चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे आमच्याकडे पाठवावीत.