काम रफूचे, घाट शेरवानीचा

दुकानातल्या संगणकावर बिल फाडणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यातही ज्याची मूळ संहिता कोणालाही पाहता आणि बदलता येते, असे ‘ओपन सोर्स’ सॉफ्टवेअर लहान व्यापाऱ्याच्या सोयीचे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि मालसाठा सांभाळणारे सॉफ्टवेअर याच प्रकारातले. गरजेप्रमाणे बदल करून घेण्याची त्यात मोकळीक असते. पण ही मोकळीकच कित्येकदा महागात पडते.

समजा, इगतपुरीच्या एखाद्या हार्डवेअरवाल्याला एवढेच हवे आहे की, बिलाच्या तळाशी गिऱ्हाइकाची मागील उधारी छापून यावी. काम दोन दिवसांचे. काम करणारा मुलगा हुशार. तो म्हणतो, “चाचा, उधारीवर व्याजही दाखवू, मोबाइलवर तगादाही पाठवू, उद्या दहा शाखा निघाल्या तरी चालेल असे करून ठेवतो.” उधारी छापण्याचे काम केव्हाच झालेले असते, बाकीच्या सजावटीपायी महिना जातो आणि दुकानदार हाताने आकडा लिहीतच राहतो.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. केलेली दुरुस्ती मूळ सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांकडे पाठवून त्यात सामील करून घेता आली, तर पुढच्या आवृत्तीत ती आपोआप मिळते. पण त्याआधी ती कोणीतरी वाचून तपासावी लागते. लहान दुरुस्ती लवकर वाचून होते, मोठे गाठोडे पडून राहते. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्समध्ये हजारो लोकांनी भर घातली आहे. तिथेही नियम हाच, की एका दुरुस्तीत एकच बदल. सामील न झालेला बदल मात्र प्रत्येक नव्या आवृत्तीत पुन्हा बसवावा लागतो, आणि दर वेळी मजुरी पडते.

कसाऱ्याहून घाट चढताना ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे, म्हणून गाडीला मागून जादा बँकर इंजिन लावतात. इगतपुरीला ते सोडतात. पुढे कुठे चढ लागलाच तर असावे, म्हणून ते मनमाडपर्यंत कोणी नेत नाही.

मात्र लहान म्हणजे अर्धवट नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे दर बहुतेक मालावरून गेले. तेव्हा नुसता आकडा बदलून भागणारे नव्हते. जुन्या बिलावरचा माल परत आला तर त्याला जुनाच दर लागतो. म्हणून दरासोबत तो कधीपासून लागू, ही तारीख ठेवणे गरजेचेच. तो फापटपसारा नव्हे. उद्या सरकार कदाचित काय करील याची तजवीज आजच करणे, हा मात्र फापटपसारा.

तेव्हा काम देण्यापूर्वी अडचण एका वाक्यात कागदावर लिहून द्यावी. मूळ संहितेला हात न लावता भागते का, हे आधी विचारावे; ईआरपीनेक्स्टमध्ये बिलात नवा रकाना असाच वाढवता येतो. मग आठवडाभर खऱ्या बिलांवर चालवून पाहावे आणि अडचण सुटली की काम संपले म्हणावे. बाकीच्या कल्पना वहीत टिपून ठेवाव्यात. गिऱ्हाईक स्वतः मागेल तेव्हा ती वही उघडता येईल.