अनुशेष कुणाच्या दारी?

१९५३च्या नागपूर कराराने विदर्भ-मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात निधीचा शब्द दिला. १९८४मध्ये वि. म. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य यांतला अनुशेष मोजून दाखवला. दहा वर्षांनी वैधानिक विकास मंडळे आली. निदान हिशेब तरी मागता येऊ लागला. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

दुखणे केवळ रकमेचे नाही. तरतूद होते, पण अभियंत्यांची, डॉक्टरांची पदे रिकामी राहतात आणि मार्चअखेर पैसा अखर्चित पडतो. मेळघाटातल्या बाळंतिणीला अर्थसंकल्पातला आकडा नको, दवाखान्यात डॉक्टर हवा. प्रत्येक तालुक्यात किती मंजूर झाले, किती खर्च झाले, हे सरकारने दरवर्षी जाहीर करावे. वाचकहो, आपल्या आमदारांकडे हा हिशेब मागा.